अंश आणि छेद : जन्म-मृत्यूचे आकडे कसे वाचावेत?

(अभ्यासलेख)



वार्षिक अहवाल हाती आला की बहुतेक वाचक प्रथम छायाचित्रे पाहतात, नंतर देणगीदारांच्या यादीतून नजर फिरवतात आणि जाणकार मंडळी जमाखर्चाच्या पत्रकाकडे वळतात. आंतररुग्ण विभागाच्या तक्त्यातील शेवटच्या दोन ओळींकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यांपैकी एक ओळ असते 'रुग्णालयात झालेले जन्म' आणि दुसरी 'रुग्णालयात झालेले मृत्यू'. यंदा अहवालाचा मसुदा विश्वस्त मंडळापुढे ठेवला असता मात्र याच दुसऱ्या ओळीपाशी चर्चा थांबली. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "मृत्यूंचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा वाढलेला दिसतो. देणगीदार हे वाचतील तेव्हा काय समजतील? ही ओळ छापलीच पाहिजे का?"

प्रश्न संस्थेच्या काळजीपोटीच विचारलेला होता. त्याला बैठकीत दोन वाक्यांत उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हा लेख. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा त्याला अधिकार नाही. परंतु जन्म-मृत्यूचे आकडे हाही एक हिशेबच आहे, आणि हिशेबात एखादी रक्कम पाहताना ती कशापोटी, कोणत्या खात्यावर आणि किती भांडवलावर, हे विचारल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. हीच सवय येथे लावून पाहू.

दर म्हणजे काय?

शाळेतील अपूर्णांक सर्वांना आठवत असतील. रेघेच्या वर अंश आणि रेघेखाली छेद. जन्मदर म्हणजे एका वर्षातील जन्मांची संख्या अंशस्थानी, त्या प्रदेशाची लोकसंख्या छेदस्थानी, आणि आलेल्या उत्तराला हजाराने गुणायचे. मृत्युदराचेही तसेच. अर्भकमृत्युदरात छेद वेगळा असतो. तेथे एक वर्षाच्या आत दगावलेल्या बालकांची संख्या अंशस्थानी आणि त्याच वर्षात जिवंत जन्मलेल्या बालकांची संख्या छेदस्थानी येते.

इतके साधे गणित. पण त्यात दोन अटी दडलेल्या आहेत. अंशातील प्रत्येक घटना नोंदली गेली पाहिजे, आणि अंशातील माणसे छेदातील माणसांपैकीच असली पाहिजेत. यांपैकी एक अट जरी सुटली तरी उत्तर अचूक दिसते, पण खोटे असते. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या दोन अटींच्या आधारे वाचता येतो.

एक आकडा, ज्याने गटारे बांधली

व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली. योगायोगाने त्याच वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांची नागरी नोंदणी सुरू झाली. त्यापूर्वी बाप्तिस्मा व दफन यांच्या नोंदी चर्चच्या दप्तरी असत. नव्या महानिबंधक कार्यालयात विल्यम फार हे डॉक्टर संकलक म्हणून आले आणि त्यांनी देशाच्या प्रत्येक नोंदणी जिल्ह्याचा मृत्युदर वर्षानुवर्षे प्रसिद्ध केला. निरोगी ग्रामीण जिल्ह्यांत हजारी १७ च्या आसपास माणसे मरतात, तर लिव्हरपूलसारख्या दाटीच्या शहरात त्याच्या दुपटीने, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. जी माणसे निरोगी जिल्ह्यात मेली नसती ती शहरात मेली, म्हणजे ते मृत्यू टाळता आले असते, असा त्याचा सरळ अर्थ होता.

१८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात हा विचार तरतूद म्हणून उतरला. एखाद्या गावाचा मृत्युदर सात वर्षांच्या सरासरीने हजारी २३ पेक्षा अधिक असेल, तर तेथे स्थानिक आरोग्य मंडळ नेमण्याचा अधिकार सरकारला मिळाला. म्हणजे नोंदवहीतील एका आकड्यामुळे गावात गटारे व नळ येऊ शकत होते. पुढे १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी याच मृत्युनोंदींतील पत्ते घेऊन कोणत्या घरात कोण मेले व ते कोठले पाणी पीत होते, याचा शोध घेतला आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापर्यंत ते पोहोचले. नोंदीत पत्ता नसता तर हा शोध लागणे कठीण होते.

मुंबईचा छेद

आपल्याकडे मुंबई बेटावर मृत्यूंची नोंद १८४८ पासून पद्धतशीर होऊ लागली. ती प्रामुख्याने स्मशाने व दफनभूमी येथे होत असे. प्रेत तेथे येणारच, त्यामुळे मृत्यूंचा अंश बऱ्यापैकी हाती लागे. जन्माचे तसे नव्हते. बाळ घरातच जन्मे, सुईण येऊन जाई आणि सरकारदरबारी कळवण्याचे कारण कोणालाच वाटत नसे.

छेदाची अडचण त्याहून मोठी होती. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेव्हा कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि पोटासाठी माणसांचा लोंढा शहरात येत होता. १८६५ साली युद्ध संपले, सट्टेबाजारातील पेढ्या बुडाल्या, आणि १८७२ च्या गणनेत लोकसंख्या ६,४४,४०५ इतकी खाली आली. समजा, एखाद्या वर्षी शहरात २०,००० मृत्यू झाले. पहिल्या लोकसंख्येने भागले तर दर हजारी साडेचोवीस येतो. दुसऱ्या लोकसंख्येने भागले तर हजारी ३१. मेलेली माणसे तीच, परंतु छेद बदलताच शहर निरोगी की रोगट याचा निवाडा बदलतो. ही संख्या उदाहरणादाखल घेतलेली आहे. पण दोन खानेसुमारींच्या मधल्या वर्षांत नेमका कोणता छेद धरावा, ही अडचण तेव्हाच्या आरोग्याधिकाऱ्यांपुढे खरोखरच होती.

मांडवी, १८९६

या अडचणीचे सर्वांत दारुण उदाहरण म्हणजे प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात वैद्यकी करणारे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी तेथील तापाचे रुग्ण पाहून हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा व दाट वस्तीचा भाग. वखारींत धान्य, धान्यावर उंदीर आणि उंदरांवर पिसवा. रोगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली दाखवले; १८९६ मध्ये ते कोणाला ठाऊक नव्हते.

त्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम घडल्या आणि दोन्हींनी हिशेब बिघडला. एक, माणसे शहर सोडून पळू लागली. काही महिन्यांतच लाखो लोक आगगाडीने, बोटीने आणि पायी गावाकडे निघून गेले. १८९१ च्या खानेसुमारीची ८,२१,७६४ ही लोकसंख्या छेदस्थानी तशीच राहिली, प्रत्यक्षात शहर मात्र जवळजवळ अर्धे ओस पडले होते. त्यामुळे मागे राहिलेल्यांवर कोसळलेले संकट कागदावर दिसत होते त्याहून कितीतरी मोठे होते. दुसरी गोष्ट, लोक रोग लपवू लागले. रुग्णाला सक्तीने इस्पितळात नेणे, घरच्यांना विलगीकरण छावणीत ठेवणे, घराची झडती घेणे याची धास्ती एवढी की मृत्यूचे कारण प्लेग न सांगता साधा ताप किंवा दुसरे काही सांगितले जाई. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. पुण्यात प्लेग समितीच्या अंमलबजावणीने लोकक्षोभ कोणत्या थराला गेला आणि २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुण्याजवळच प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. मृत्यूच्या तक्त्यात त्यांच्यासारख्या व्यक्तीचाही आकडा एकच असतो.

कारणे लपवली जात असता खरा आकडा काढायचा कसा? तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी हिशेबतपासनिसाला शोभेल अशी युक्ती योजली. कारणाचा रकाना बाजूला ठेवून त्यांनी त्या आठवड्यातील एकूण मृत्यू मोजले आणि मागील वर्षांतील त्याच आठवड्यांची सरासरी त्यातून वजा केली. उरलेले जादा मृत्यू हे साथीचे माप. कोविड-१९ च्या काळात जगभर हीच रीत वापरली गेली. आपल्या देशाच्या नागरी नोंदणीत २०१९ साली सुमारे ७६ लाख, २०२० साली ८१ लाख आणि २०२१ साली एक कोटी दोन लाख मृत्यू नोंदले गेले. या वाढीतील किती भाग साथीचा व किती भाग नोंदणी सुधारल्याचा, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु नोंद झाली म्हणूनच मतभेदाला तरी जागा आहे.

जन्म मावळात, मृत्यू मुंबईत

आता आपल्या परिसराकडे येऊ. इंद्रायणीकाठची इंदुरी आणि त्या वेळची मुंबई यांचा संबंध काय, असे वाचकांना वाटेल. तो संबंध आगगाडीने जोडला. १८५८ साली पुणे ते खंडाळा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ साली बोरघाटाची चढण पूर्ण होऊन तळेगावचा माणूस थेट मुंबईत उतरू लागला. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतील तरुण गिरण्या, गोद्या आणि वखारी यांत कामाला लागले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायातही प्रामुख्याने याच तालुक्यांतील माणसे आहेत. पुरुष मुंबईत, कुटुंब गावी, अशी ही रीत. १९०१ च्या खानेसुमारीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया अवघ्या सुमारे सहाशे होत्या, त्याचे कारण हेच.

ज्या थोड्या स्त्रिया नवऱ्यासोबत मुंबईस राहत, त्याही बाळंतपणाला माहेरी किंवा सासरच्या गावी येत. बाळ गावात जन्मे. दोन-चार महिन्यांचे झाले की आई त्याला घेऊन पुन्हा चाळीतील खोलीत जाई. तेथे ते दगावले तर मृत्यू मुंबईच्या वहीत चढे. जन्म मात्र त्या वहीत नसेच. अंश मुंबईचा, छेद मावळ-कोकणाचा. १९२१ साली मुंबईचा नोंदलेला अर्भकमृत्युदर हजारी ६६६ च्या आसपास गेला, म्हणजे जन्मलेल्या तीन बाळांमागे दोन मृत्यू. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तर तो हजारी ८०० च्या वर नोंदला गेला.

येथे वाचकाने दोन चुका टाळल्या पाहिजेत. पहिली चूक, हा आकडा शब्दशः खरा मानण्याची. त्यातील काही भाग वर सांगितलेल्या माहेरपणाचा, म्हणजे छेदातून गळलेल्या जन्मांचा आहे. दुसरी चूक त्याहून घातक. ती म्हणजे हिशेबातील दोष सापडला म्हणून सगळा आकडाच झटकून टाकण्याची. दहा बाय दहाच्या खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत होती. बाळंतीण पुन्हा गिरणीत कामाला जाई आणि बाळ झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी दिली जाई. छेद दुरुस्त केला तरी शेकडो बाळे मरत होती, हे दुरुस्त होत नव्हते. हिशेबातील चूक काढायची ती खरा तोटा कळावा म्हणून.

आजची वही

स्वातंत्र्यानंतर १९६९ साली जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम आला आणि देशभर नोंदणी बंधनकारक झाली. तरीही सर्व घटना नोंदल्या जात नसल्याने नमुना नोंदणी पद्धती उभी करावी लागली. निवडक गावे व शहरी विभाग यांत एक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे घरोघरी विचारतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात. आपल्या रोकडवहीचा बँकेच्या पासबुकाशी मेळ घालतात, तसाच हा प्रकार. या पद्धतीनुसार भारताचा अर्भकमृत्युदर १९७१ साली हजारी १२९ होता, तो २०२० साली २८ वर आला. महाराष्ट्राचा त्या वर्षीचा दर १६ होता. लसीकरण, स्वच्छ पाणी, रुग्णालयातील बाळंतपणे आणि आईचे शिक्षण या सर्वांचे हे फळ आहे.

कायद्यानुसार नोंद होते ती घटना जेथे घडली तेथे. त्यामुळे मुंबई-मावळाचा तो जुना घोळ आता उलट्या दिशेने दिसतो. इंदुरी, सुदुंबरे वा आसपासच्या वाड्यांतील बाळंतपणे आता तळेगाव, चाकण किंवा पिंपरी-चिंचवड येथील रुग्णालयांत होतात. मग गावच्या ग्रामपंचायतीच्या वहीत जन्म तुरळक दिसतात आणि शहराच्या वहीत भरमसाट. गावात बाळे जन्मत नाहीत असा त्याचा अर्थ नव्हे. म्हणूनच नोंदणीच्या अर्जात आईच्या नेहमीच्या वास्तव्याच्या गावाचा स्वतंत्र रकाना असतो. तो रकाना घाईत 'वरीलप्रमाणे' असा भरू नये. अंगणवाडी किती हव्यात, लशी किती लागतील, हे त्या एका ओळीवरून ठरवता येते.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी येथे काही उपयुक्त माहिती देतो.

रुग्णालयात झालेला जन्म वा मृत्यू कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. घरी झालेल्या घटनेची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. मुदत २१ दिवसांची आहे. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, एक वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने, आणि त्यापुढे दंडाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या आदेशानेच नोंद होते. बाळाचे नाव ठरलेले नसले तरी जन्माची नोंद अडत नाही. नाव नंतर घालता येते. २०२३ च्या दुरुस्तीनुसार, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा आहे. रुग्णालयात मृत्यू झाल्यास डॉक्टरांनी मृत्यूच्या वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवायचे असून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकास द्यायची असते. 'हृदयक्रिया बंद पडून' एवढेच लिहिणे हे कारण नव्हे, कारण प्रत्येक मृत्यूत हृदय थांबतेच. ते कशामुळे थांबले, हे लिहायचे असते.

लंडनची नव्वद टक्के

आता विश्वस्तांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. रुग्णालयाच्या मृत्यूंचा आकडा वाढला, याचा अर्थ काय?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपल्या परिचारिका शपथ घेताना घेतात. त्या जितक्या सेवाभावी, तितक्याच आकड्यांच्या जाणकार होत्या. १८६३ साली रुग्णालयांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी एक तक्ता दिला. त्यानुसार लंडनच्या २४ रुग्णालयांत एका वर्षात ३,८२८ मृत्यू झाले, आणि रुग्ण होते ४,२१४. म्हणजे मृत्यूचे प्रमाण जवळजवळ ९१ टक्के! परगण्यांतील लहान रुग्णालयांत हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या आत होते. त्या काळच्या डॉक्टरांनी यावर मोठा आक्षेप घेतला, आणि तो योग्यच होता. ४,२१४ ही वर्षभरात दाखल झालेल्या रुग्णांची संख्या नव्हती. ती ८ एप्रिल १८६१ या एका दिवशी खाटेवर असलेल्या रुग्णांची होती. अंश वर्षाचा आणि छेद एका दिवसाचा.

समजा, शंभर खाटांचे रुग्णालय वर्षभर भरलेले आहे आणि प्रत्येक रुग्ण सरासरी दहा दिवस राहतो. वर्षभरात ३,६५० रुग्ण होऊन जातील. त्यांपैकी ९० दगावले, तर एका दिवसाच्या छेदाने दर ९० टक्के, वर्षाच्या छेदाने अडीच टक्के. शिवाय मोठ्या शहरी रुग्णालयांत अपघाताचे, शस्त्रक्रियेचे व असाध्य रोगाचे रुग्ण येत. लहान रुग्णालये अशांना दाखल करून घेत नसत वा पुढे पाठवत. आजार सारखेच गंभीर नसतील तर केवळ मृत्यूच्या प्रमाणावरून दोन रुग्णालयांची तुलना होऊ शकत नाही.

तरीही नाइटिंगेलबाईंचे मूळ म्हणणे चुकीचे नव्हते. हवा, उजेड, स्वच्छता आणि गर्दी यांकडे रुग्णालयांनी लक्ष दिले पाहिजे, आणि सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आपले आकडे जाहीर केले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. छेद चुकला; आग्रह बरोबर होता. चुकीच्या आकड्यावर डॉक्टरांना आक्षेप घेता आला, तोही आकडा छापलेला होता म्हणूनच.

आपली ओळ

रुग्णालय प्रशासनात आज मृत्यूचे प्रमाण दोन प्रकारे काढतात. स्थूल प्रमाणात वर्षभरात घरी सोडलेले व मृत झालेले, असे सर्व आंतररुग्ण छेदात घेतले जातात. निव्वळ प्रमाणात दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत झालेले मृत्यू अंश व छेद दोन्हींतून वगळतात. कारण जो रुग्ण मरणासन्न अवस्थेतच आला, त्याच्यावर उपचाराला पुरता अवधीच मिळालेला नसतो. दाराशी आणतानाच मृत असलेल्यांची गणना यांत होत नाही.

आपल्याकडे तळेगाव-चाकण मार्गावरील अपघातग्रस्त येतात, सर्पदंशाचे रुग्ण येतात, अन्यत्र खर्च न झेपल्याने शेवटच्या दिवसांत आणलेले वृद्ध येतात. 'येथे खाट नाही' असे सांगून त्यांना दारातून परत पाठवले, तर आपला मृत्यूचा आकडा पुढील वर्षी खात्रीने उतरेल. तो मृत्यू मात्र टळणार नाही. तो रस्त्यात, रुग्णवाहिकेत किंवा घरी होईल आणि दुसऱ्या कोणाच्या वहीत चढेल. आकडा सुधारण्याचा हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निर्दय मार्ग आहे. धर्मादाय संस्थेला तो मोकळा नाही.

याचा अर्थ आकडा वाढला तरी चिंता नको, असाही नव्हे. ४८ तासांनंतरच्या मृत्यूंचा, शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचा आणि प्रत्येक माता व नवजात बालकाच्या मृत्यूचा आढावा घेतलाच पाहिजे. त्यात आपली चूक आढळली तर ती मान्य करून सुधारली पाहिजे. 'आमच्याकडे गंभीर रुग्ण येतात' हे वाक्य खरे आहे. पण ते पांघरूण म्हणून वापरले तर तेही मांडवीच्या वहीतील 'ताप'च ठरेल.

दोन अर्ज

शेवटी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रसूतिकक्षात अपुऱ्या दिवसांचे एक बाळ जन्मले आणि काही तासांतच गेले. आजोबा नोंदणीच्या खिडकीपाशी आले. कारकुनाने त्यांच्यापुढे दोन अर्ज ठेवले, एक जन्माचा व एक मृत्यूचा. त्यांनी जन्माचा अर्ज बाजूला सारला. "साहेब, हे कशाला? ज्याचं बारसंसुद्धा झालं नाही, त्याचा जन्म कसला लिहिता? पोरीला तो कागद बघून उगाच त्रास होईल."

मी त्यांना आत बसवले, पाणी दिले. नियम सांगण्याची ती वेळ नव्हती, तरी तो सांगणे भाग होते. बाळाने जन्मल्यावर एकदा जरी श्वास घेतला वा त्याचे हृदय एकदा जरी चालले, तरी कायद्याने तो जिवंत जन्म ठरतो आणि मग जन्म व मृत्यू अशा दोन्ही नोंदी कराव्या लागतात. मृतावस्थेतच जन्मलेल्या बाळाची नोंद वेगळ्या नमुन्यात होते. मी एवढेच म्हणालो, "बाबा, ते आलं होतं. आपण लिहिलं नाही, तर ते आलंच नव्हतं असं होईल."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "नावाच्या जागी काय लिहू?" ती जागा रिकामी ठेवली तरी चालते, असे मी सांगितले. त्यांनी दोन्ही अर्जांवर सह्या केल्या.

त्या दिवशी त्या दोन अर्जांनी अंशात एक आणि छेदात एक अशी भर पडली. असे अर्ज भरले गेले नाहीत तर जिल्ह्याचा अर्भकमृत्युदर कागदावर उतरेल, आणि नवजात अतिदक्षता कक्ष येथे हवा की नको, हे ठरवणाऱ्यांना त्या बाळाचा पत्ताच लागणार नाही. दुःख टाळण्यासाठी गाळलेली नोंद पुढच्या एखाद्या बाळाला महागात पडते.

समारोप

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडन असो, प्लेगची मुंबई असो वा आजचे मावळ, जन्म-मृत्यूचा आकडा ऐकला की तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा कितींपैकी आहे? ही माणसे कोठली होती आणि कोठे मोजली गेली? आणि मोजायचे कोण राहून गेले? ही उत्तरे मिळेपर्यंत आकड्याने हुरळून जाऊ नये, आणि घाबरूनही जाऊ नये.

विश्वस्त मंडळाने या विषयावर पुन्हा चर्चा केली. ज्यांनी प्रश्न विचारला होता त्याच ज्येष्ठ विश्वस्तांनी सूचना मांडली की, मृत्यूंची ओळ काढून न टाकता तिच्याखाली आणखी एक ओळ घालावी. त्यानुसार या अहवालातील तक्त्यात एकूण मृत्यू, आणि त्यांपैकी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत झालेले मृत्यू, असे दोन आकडे स्वतंत्रपणे दिले आहेत. शेजारीच वर्षभरातील एकूण आंतररुग्णांची संख्या आहे. अंश आणि छेद दोन्ही आपल्यासमोर आहेत; भागाकार आपण स्वतः करून पाहावा आणि काही शंका असल्यास प्रशासकीय कार्यालयात अवश्य विचारावे.

देणगीच्या प्रत्येक रुपयाची पावती देणे हे आमचे कर्तव्य आहे. येथे आलेल्या आणि येथून गेलेल्या प्रत्येक जिवाची नोंद ठेवणे हेही त्याच कर्तव्यात मोडते, अशी आमची नम्र भावना आहे.

आपला नम्र,
प्रशासक